जीटीओचं इंजिन आणि साडेनऊ इंची ड्रम

अमेरिकेच्या जनरल मोटर्समध्ये तेव्हा एक दंडक होता: मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टियॅक या जनरल मोटर्सच्याच विभागातले जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनी त्यातून पळवाट काढली. टेम्पेस्ट लमॉन्स या मधल्या गाडीत त्यांनी ३८९ घनइंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवलं. नियम नव्या मॉडेलला लागू होता, म्हणून कागदावर त्याला मॉडेल न म्हणता जादा पैसे भरून घ्यायचं पॅकेज म्हटलं. १९६४ साली सुमारे ३०० डॉलर जास्त मोजले की जीटीओ मिळायची. मसल कारची, म्हणजे मधल्या आकाराच्या गाडीत दांडगं इंजिन घातलेल्या गाड्यांची, गोष्ट बहुतेक जण इथूनच सुरू करतात.

इंजिन बदललं, पण ब्रेक टेम्पेस्टचेच राहिले. चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे पोकळ डबे, ज्यांना आतून शू दाबले की गाडी थांबते. आज अशी गाडी बाळगणारा माणूस ‘आधी काय बदलू?’ असं विचारतो तेव्हा त्याच्या डोक्यात नवा कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) किंवा जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा, कॅमशाफ्ट घोळत असतो. माझं मत सरळ आहे: कारखान्याने इंजिनापासून सुरुवात करून ठेवलीच आहे, आता उरलेलं काम पुरं करा. ब्रेक आणि टायर आधी.

गणित मांडून बघू. माणसासकट गाडीचं वजन १,६०० किलो धरा. ताशी १०० किलोमीटर वेगाला तिच्यात सुमारे ६२० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग १६० केला, म्हणजे जेमतेम दीडपटीच्या वर नेला, तर ऊर्जा अडीचपटीपेक्षा जास्त होते, जवळपास १,६०० किलोज्यूल. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. थांबताना ती जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. चार ड्रमचं बीड (ओतीव लोखंड) मिळून ३० किलो धरलं, तर १६० वरून एकदा थांबताना त्याचं तापमान सरासरी ११५ अंशांनी चढतं. पुढच्या ड्रमचं त्याहून जास्त, कारण ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो. लगेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ब्रेक मारला तर ड्रमला थंड व्हायला उसंतच नाही. बोरघाट उतरताना ट्रकचे ब्रेक का जातात, त्याचं कारण हेच.

ड्रमची गंमत अशी, की तो स्वतःच ब्रेकला मदत करतो. पुढचा शू फिरणाऱ्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आणखी घट्ट रुततो, त्यामुळे हलक्या पायानेही गाडी थांबते. पण या गुणाची दुसरी बाजूही आहे. शूवरच्या लायनरचं घर्षण तापून थोडं कमी झालं, की ब्रेकचा जोर त्याहून कितीतरी जास्त घसरतो. दोन बाजूंच्या लायनरमध्ये थोडा फरक असला तर गाडी एका बाजूला ओढते. शिवाय तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून लांब जातो आणि पेडल खोल जातं. डिस्क ब्रेकमध्ये पॅड फिरणाऱ्या चकतीला दोन्हीकडून चिमटतात; ही डिस्क तापली तर फुगते ती पॅडच्या दिशेने.

१९६४च्या जीटीओत मास्टर सिलिंडरही, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा सिलिंडर, एकाच सर्किटचा. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन सर्किटचा सिलिंडर १९६७च्या मॉडेलपासून आला आणि त्याच वर्षी पुढच्या डिस्कचा पर्यायही मिळू लागला. म्हणजे उत्तर कारखान्याकडेच होतं, फक्त तीन वर्षं उशिरा आलं.

डिस्क बसवताना दोन गोष्टी अडतात. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब कायम राखणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड सुटत नाहीत, घासत राहतात. आणि जुन्या १४ इंची रिमला कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा चिमटा, घासू शकतो. ब्रेक ऑइल तर बदलाच. डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतली ओल शोषून घेतली की १४० अंशांच्या आसपासच वाफ धरू शकतं. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल दाबूनही चाकापर्यंत जोर पोहोचत नाही.

आता टायर. जीटीओचा टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, ५८० न्यूटन-मीटर. हा आकडा त्या काळच्या ‘ग्रॉस’ पद्धतीचा, म्हणजे सायलेन्सर आणि इतर जोडण्या काढून इंजिन स्टँडवर मोजलेला. अमेरिकी कंपन्या १९७२पासून ‘नेट’ आकडे देऊ लागल्या. म्हणून एक चतुर्थांश वजा करू. तरीही पहिल्या गिअरमध्ये मागच्या चाकांशी दहा हजार न्यूटनहून अधिक जोर येतो. मागच्या चाकांवर ८५० किलो भार आणि घर्षणांक ०.८ धरला, तर टायर जेमतेम ६,७०० न्यूटन पेलतात. तेव्हाचे टायर रेडियल नव्हते, आपण ज्यांना नायलॉन टायर म्हणतो त्या जातीचे. इंजिन आहे तेच टायरला झेपत नाही. आणखी बळ आणलं तर निदान पहिल्या गिअरमध्ये त्याचा धूरच होणार.

कार्ब्युरेटरबद्दल थोडक्यात. ३८९ घनइंचांचं इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्या घेताना, सिलिंडर पूर्ण भरले असं मानलं तरी, दर मिनिटाला सुमारे ५६० घनफूट हवा ओढतं. त्यावर ८५० घनफुटांचा कार्ब्युरेटर बसवला तर व्हेंच्युरीतून, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून, हवा मंद वाहते, पेट्रोल नीट फुटत नाही आणि गाडी खालच्या फेऱ्यांना अडखळते. मोठा म्हणजे चांगला, हा समज इथे फसतो.

कॅमशाफ्टचं प्रकरण मात्र खरंच क्रम ठरवणारं आहे. डिस्कमध्ये ड्रमसारखी आपोआप मदत नसते, म्हणून पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर लागतो. बूस्टर चालतो इंजिनच्या मॅनिफोल्डमधल्या (हवा आत नेणाऱ्या नळ्यांमधल्या) निर्वातावर. जहाल कॅमशाफ्टमध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात, आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन चालू असतं तेव्हा, निर्वात घटतो आणि सिग्नलला पेडल दगडासारखं घट्ट लागतं. मग वेगळा व्हॅक्यूम पंप किंवा हायड्रॉलिक बूस्टर शोधावा लागतो. ब्रेक आधी बसवले, गॉज लावून आयडलचा निर्वात मोजून ठेवला, तर कॅमशाफ्ट किती जहाल घेता येईल हे त्या आकड्यावरून ठरवता येतं.