बर्फातल्या किडनीचा अंदाज कसा घ्यायचा?

सोलापूर पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या हद्दीत येतं. इथल्या मेंदूमृत दात्याची किडनी पुण्यातल्या रुग्णाला जुळली, तर ती थंड द्रावणाच्या पिशवीत, पिशवी बर्फाच्या पेटीत आणि पेटी सुमारे २५० किलोमीटरच्या रस्त्यावर. त्या वाटेत किडनी मुकी असते. बसवल्यावर ती चालेल का, हे डॉक्टर दात्याचं वय, क्रिएटिनिन (किडनी किती चालते हे सांगणारा रक्तातला घटक) आणि किडनीचा रंग यांवरून ठरवतात; शंका आली तर बायोप्सी, म्हणजे किडनीचा छोटा तुकडा तपासणं.

तिला बोलतं करायचे प्रयत्न जुने आहेत. अवयव शरीराबाहेर जिवंत ठेवणारा पंप अलेक्सिस कॅरेल आणि वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी १९३५ मध्येच दाखवला होता. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फोल्कर्ट बेल्झर यांनी कुत्र्याच्या किडन्या थंड पंपावर ७२ तास टिकवल्या आणि पुढच्याच वर्षी माणसाची किडनी १७ तासांनी बसवली. हेतू टिकवण्याचा होता, पण पंपावर दाब आणि प्रवाह दिसतात. दाब तोच असून प्रवाह घटला, तर आतल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या आहेत, म्हणजे रोध वाढला आहे, असं समजायचं. १९६९ मध्ये किडनी पंपाशिवाय थंड ठेवणारं कॉलिन्स यांचं द्रावण आलं. पिशवी आणि बर्फ स्वस्त पडले, पंप मागे पडला.

दाते वयस्कर होत गेले तसा तो परतला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत ३३६ दात्यांची एक किडनी पंपावर, दुसरी बर्फात ठेवली. दाता एकच, म्हणून तुलना खरी. पंपावरच्या किडन्या बसवल्यावर पहिल्या आठवड्यात डायलिसिस कमी जणांना लागलं. मात्र नुसत्या रोधाच्या आकड्यावरून किडनी फेकू नये, हेही पुढच्या अभ्यासांत दिसलं.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते ब्रिटनमधलं निकोल्सन आणि हॉसगुड यांचं काम. शरीराच्या तापमानाला तासभर किडनीतून रक्तातल्या तांबड्या पेशी फिरवायच्या. राखाडी पडलेली किडनी गुलाबी होते, मूत्रवाहिनीच्या नळीतून थेंब पडू लागतात. रंग, रक्तप्रवाह आणि लघवी यांवरून १ ते ५ गुण. ५ म्हणजे नको. नाकारल्या गेलेल्या एका दात्याच्या दोन्ही किडन्या त्यांनी अशा तपासून बसवल्या.

२०२३ च्या त्यांच्या ३३८ किडन्यांच्या चाचणीत मात्र नुसत्या बर्फात ठेवलेल्या किडन्यांच्या तुलनेत डायलिसिसच्या गरजेत फरक पडला नाही. पण त्या किडन्या आधीच स्वीकारलेल्या होत्या. नाकारलेलीला तासभराची संधी द्यावी का, हा प्रश्न त्या चाचणीत नव्हताच.