लॉ करतानाच जॅगची तयारी: सहा-तीनचा घोळ आणि त्याच्या मागचं सगळं

रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडी, कुठल्याही लॉच्या वर्गात हल्ली एखादी तरी मुलगी विचारतेच की कॉलेजात असतानाच आर्मीतली वकील, म्हणजे जॅगमधली (जज अ‍ॅडव्होकेट जनरल, सैन्याची कायद्याची शाखा) अधिकारी होता येतं का. हा प्रश्न बऱ्याचदा अमेरिकेचं वाचून आलेला असतो. तिकडचं नौदल लॉच्या विद्यार्थ्याला शिकत असतानाच निवडतं, कमिशन (अधिकारीपद) देऊन राखीव दलात ठेवतं आणि तो डिग्री आणि बारची परीक्षा झाल्यावर कामावर येतो. आपल्याकडे तसं नाही. इथे ट्रेनिंगला जायच्या आधी एलएलबी हातात लागते, त्यात किमान ५५ टक्के लागतात, वय २१ ते २७ आणि वकिलीची सनद घेतलेली नसली तरी सनद मिळण्याची पात्रता लागते. पण शेवटच्या वर्षात करून ठेवण्यासारखं एक मोठं काम आहे, ते खाली सांगते.

आधी जुनं थोडक्यात. कंपनी सरकारच्या काळापासून फौजेचा कायदा वेगळा आणि कोर्टही वेगळं. आपल्या दापोलीला लोक अजून कॅम्प म्हणतात ते गोऱ्यांच्या छावणीमुळे, रिटायर झालेले शिपाई-सुभेदार तिथे पेन्शन घेऊन राहायचे. त्यातल्याच एका सुभेदाराचा लहान मुलगा पुढे बॅरिस्टर झाला आणि देशाची घटना लिहिणाऱ्या समितीचा अध्यक्षही. त्या घटनेतलं कलम ३३ संसदेला सैन्यातल्या लोकांचे मूलभूत हक्क मर्यादित करायची मुभा देतं, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९४५ च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात आझाद हिंदच्या तीन अधिकाऱ्यांवर खटला चालला तो कोर्ट मार्शलच, म्हणजे सैन्याच्या स्वतःच्या कोर्टातला खटला होता. जज अ‍ॅडव्होकेट म्हणजे काय हे त्यातून नीट कळतं. तो सरकारचाही वकील नसतो आणि आरोपीचाही नसतो, कोर्टात बसलेल्या अधिकाऱ्यांना कायदा समजावून सांगणं हे त्याचं काम, निकाल ठरवताना त्याला मत देता येत नाही. निकालही लगेच लागू होत नाही, वरच्या अधिकाऱ्याने कायम करावा लागतो. त्या तिघांची जन्मठेप तशीच वरून माफ झाली. १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टने हीच पद्धत ठेवली, जनरल कोर्ट मार्शलला किमान पाच अधिकारी आणि सोबत जज अ‍ॅडव्होकेट असावाच लागतो. म्हणून "आर्मीतली वकील" म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यासमोर काळा कोट येतो ते तितकं बरोबर नाही, रोजचं काम बरंचसं सल्ल्याचं असतं आणि खटला चालवायची वेळ आली तरी अंगात वर्दीच असते.

आता मुख्य गोष्ट. याच १९५० च्या कायद्याचं कलम १२ म्हणतं की सरकार नोटिफिकेशन काढून ज्या शाखा सांगेल तेवढ्याच स्त्रियांना खुल्या. ते नोटिफिकेशन निघायला १९९२ उजाडलं, ४२ वर्षं गेली! पहिल्या यादीत कायद्याची शाखा होती. २००८ मध्ये कायदा आणि शिक्षण या दोन शाखांत नव्या येणाऱ्या बायकांना कायम कमिशनची (निवृत्तीपर्यंतच्या नोकरीची) दारं उघडली. म्हणजे बाकी शाखांच्या पुढे ही शाखा होती असं वाटतं, पण भरतीची जाहिरात निघाली की मुलांच्या जागा वेगळ्या, मुलींच्या वेगळ्या आणि मुलींच्या कमीच असायच्या.

२०२३ च्या जाहिरातीत नऊ जागा होत्या, सहा मुलांना आणि तीन मुलींना. मुलींच्या यादीत चौथ्या-पाचव्या आलेल्या दोघी कोर्टात गेल्या, कारण त्यांच्यापेक्षा कमी मार्कांची मुलं घेतली गेली होती. अभ्यास तोच, पाच दिवसांची मुलाखत तीच, मग यादी दोन का, एवढाच प्रश्न होता आणि मला तो शंभर टक्के रास्त वाटतो. सैन्याचं म्हणणं असं की हे अधिकारी वेळ पडली तर लढाईलाही लागतात, त्यामुळे प्रमाण ठरवायचा अधिकार आमचा, आणि आता तर आम्ही फिफ्टी-फिफ्टी केलंय. कलम ३३ आणि कलम १२ चा आधार होताच.

११ ऑगस्ट २०२५ ला देशातल्या सर्वोच्च कोर्टाने हे फेटाळलं. कलम १२ खाली शाखा उघडायची की नाही एवढंच सरकार ठरवू शकतं, एकदा उघडली की किती जणी घ्यायच्या यावर पॉलिसी काढून मर्यादा घालता येत नाही, असा त्याचा गाभा. एकच मेरिट लिस्ट लावा आणि मार्कांसकट जाहीर करा असा आदेश झाला. आता यातच लोक गोंधळतात, कारण त्याच निकालात आधीची कसर भरून काढायला मुलींना निम्म्याहून कमी जागा नकोत असंही आहे आणि मुलींना निम्म्यावर अडवणं चुकीचं असंही आहे. दोन्ही एकत्र वाचलं की अर्थ लागतो, निम्मे ही खालची रेघ, वर रेघच नाही, सगळ्या जागा मुलींनी मेरिटवर मिळवल्या तर सगळ्या त्यांच्या. त्या दोघींपैकी एकीला पुढच्या कोर्समध्ये घ्यायला सांगितलं, दुसरी तोवर नौदलात रुजू झाली होती.

तर शेवटच्या वर्षातलं काम म्हणजे क्लॅटची पीजी परीक्षा, एरवी एलएलएमच्या प्रवेशासाठी देतात ती. सैन्याची वेगळी लेखी परीक्षा नाही, हाच स्कोअर बघून मुलाखतीला बोलावतात, आणि ही परीक्षा लास्ट इयरला असताना देता येते. डिसेंबरात असते, १२० प्रश्न, दोन तास, चुकलं की पाव मार्क जातो. एलएलएम करायचंच नाही म्हणून इकडची मुलं फॉर्मच भरत नाहीत आणि डिग्री झाल्यावर जाहिरात वाचून कळतं की स्कोअर लागतो, मग वर्ष हातचं जातं. निवड झाली की चेन्नईला ४९ आठवडे ट्रेनिंग आणि दहा वर्षांचं कमिशन, ते चार वर्षं वाढवता येतं. आधी सनद काढलेली असेल तर ती स्थगित करावी लागते, कारण पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना प्रॅक्टिस करता येत नाही.