व्हीकॅप का व्हीसीआयएक्स? व्हीस्फिअरच्या वरच्या परीक्षांची पार्श्वभूमी

व्हीएमवेअर कंपनीचं व्हीस्फिअर म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, आणि व्हीकॅप, व्हीसीआयएक्स ही त्यावरची वरच्या पातळीची सर्टिफिकेट. नोकरीच्या जाहिरातीत बऱ्याचदा "व्हीकॅप किंवा व्हीसीआयएक्स असल्यास प्राधान्य" असं लिहिलेलं असतं आणि नवीन अ‍ॅडमिन लोक विचारतात की या दोन्हीतली मोठी कुठली. तो "किंवा"च मुळात चुकीचा आहे, पण तसं लिहिणाऱ्याला दोष देता येत नाही, कारण हा गोंधळ परीक्षा घेणाऱ्या कंपनीनेच घातलाय. तो कसा झाला हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

अगदी सुरुवातीचं थोडक्यात. व्हीसीपी ही पायाची परीक्षा पहिल्यापासून होतीच, मग २००८ च्या सुमारास सगळ्यात वर व्हीसीडीएक्स आली, म्हणजे स्वतः केलेलं डिझाइन पॅनलसमोर उभं राहून डिफेंड करायचं. या दोघांच्या मधे दोन पेपर होते, एक अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा आणि एक डिझाइनचा, पण ते नुसते जिन्याच्या पायऱ्यांसारखे, दोन्ही पास झालात आणि पुढे पॅनलपर्यंत गेला नाहीत तर हातात नाव सांगण्यासारखं काहीच नाही. व्हीस्फिअर ४ बाजारात आल्यावर २०१० मधे या दोन पायऱ्यांना स्वतःची नावं मिळाली, व्हीकॅप-डीसीए आणि व्हीकॅप-डीसीडी. डीसीए म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, डीसीडी म्हणजे डिझाइन. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डीसीए हा खरा बदल होता. त्यात चार पर्यायांतून एक निवडा असला प्रकारच नाही, चालू लॅब समोर, होस्ट (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सर्व्हर), क्लस्टर (त्यांचे गट), स्टोरेज सगळं खरं, आणि कामांची यादी. व्हीस्फिअर ५ च्या पहिल्या पेपरात साधारण २६ टास्क आणि २१० मिनिटं, नंतर ५.५ वर आधारलेल्या पेपरात २३ टास्क आणि १८० मिनिटं, म्हणजे दोन्हीकडे एका टास्कला जेमतेम ८ मिनिटं. ५०० पैकी ३०० ला पास. लॅब कुठेतरी लांब, तुम्ही एकाच स्क्रीनवरून रिमोटने आत, माउस हलवला की बाण मागून येतो. डॉक्युमेंटेशनच्या पीडीएफ आत ठेवलेल्या असायच्या, पण त्या उघडून शोधत बसलात की एका टास्कचा वेळ गेलाच म्हणून समजा. म्हणून लोक घरच्या लॅबमधे एकच कमांड पन्नास वेळा टाईप करून बोटांना सवय लावायचे, मल्टिपाथिंगचा डिफॉल्ट बदलणं, प्रायव्हेट व्हीलॅन, ऑटो डिप्लॉय, होस्ट प्रोफाइल, ही नेहमीची डोकेदुखी.

यात एक गोष्ट बाहेरच्या माणसाला कळत नाही. टास्क एकमेकांवर उभी असायची. समजा होस्टचं मॅनेजमेंटचं व्हीएमकर्नल पोर्ट (त्याच्याशी बोलण्याचा नेटवर्कचा मार्ग) डिस्ट्रिब्युटेड स्विचवर (अनेक होस्टना सामायिक व्हर्च्युअल स्विच) हलवायचंय आणि व्हीलॅनचा (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागाचा) आकडा चुकला, तर होस्ट व्हीसेंटरमधे, म्हणजे सगळे होस्ट सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधे, लगेच "नॉट रिस्पॉन्डिंग". असं झालं की आपोआप मागे फिरायची सोय ५.१ मधे आली, ५.० मधे ती नव्हती, आणि पहिला पेपर ५.० वरच होता. मग त्या होस्टवरची पुढची सगळी टास्क अडकली, आधी कन्सोलवरून नेटवर्क दुरुस्त करा आणि मग पुढे जा, घड्याळ थांबत नाही. प्रॉडक्शनमधे रात्री दोन वाजता नेमकं हेच होतं, म्हणून माझ्या मते डीसीएइतकी प्रामाणिक परीक्षा या क्षेत्रात कमी आहेत. निकालही तिथल्या तिथे नाही, मेलची वाट बघायची, कामाचे १५ दिवसही लागायचे.

डीसीडी वेगळी, ५ च्या वेळी १०० प्रश्न आणि २२५ मिनिटं, मधेमधे स्क्रीनवर खोके आणि रेषा ओढून डिझाइन मांडायचं. तीही अवघडच, पण तिथे हात नाही, डोकं तपासलं जायचं.

आता मूळ गुंता. २०१४ मधे नेटवर्क व्हर्च्युअलायझेशनसाठी नवीन नाव आलं, व्हीसीआयएक्स-एनव्ही, आयएक्स म्हणजे इम्प्लिमेंटेशन एक्सपर्ट. ती एकाच लॅब परीक्षेवर मिळायची. लोकांना वाटलं हे व्हीकॅपचंच नवीन नाव. मग २०१५ मधे व्हीस्फिअर ६ आलं आणि त्याबरोबर जो आराखडा जाहीर झाला त्यात व्हीकॅप नाव बंद, त्याच्या जागी व्हीसीआयएक्स, आणि डेटा सेंटरच्या ट्रॅकवर ती मिळवायला दोन्ही परीक्षा पास व्हायच्या. म्हणजे एकच पदवी, नेटवर्कवाल्याला एका पेपरात आणि डेटा सेंटरवाल्याला दोन पेपरांत. आणि पहिला पेपर पास झालात तर पुन्हा २०१० च्या आधीसारखंच, हातात काहीच नाही.

यावर भरपूर ओरड झाली आणि ती रास्तच होती. ज्याचं रोजचं काम क्लस्टर चालवणं आहे त्याने डिझाइनची परीक्षा का द्यायची, आणि ज्या आर्किटेक्टने वर्षभरात होस्टला हात लावला नाही त्याने लॅबमधे का झगडायचं? कंपनीच्या बाजूने सांगायचं तर विचार अगदी चुकीचा नव्हता, एक्सपर्ट म्हणवणाऱ्याला का बांधायचं आणि कसं बांधायचं हे दोन्ही यावं. पण शेवटी व्हीकॅप परत आणावी लागली. ठरलं असं की एक पेपर पास म्हणजे व्हीकॅप, दोन्ही पास म्हणजे व्हीसीआयएक्स आपोआप, तिची वेगळी परीक्षाच नाही. म्हणून तो "किंवा" चुकीचा, कारण व्हीसीआयएक्स ही दोन व्हीकॅपची बेरीज आहे.

इथे दोन गोष्टी आणखी बिघडल्या. पहिली, अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं नाव बदलून डिप्लॉय केलं, त्यामुळे डिझाइन आणि डिप्लॉय दोन्ही डी वरून सुरू. जुन्या रेझ्युमेत "डीसीडी" असेल तर ते ५ पर्यंतचं डिझाइन, पण ६ नंतरच्या कोणी सवयीने डीसीडी लिहिलं तर विचारूनच घ्यावं लागतं. दुसरी जास्त गंभीर. ज्याच्याकडे ५ ची डीसीए होती त्याला ६ ची फक्त डिझाइन दिली की व्हीसीआयएक्स ६ मिळायची. म्हणजे इम्प्लिमेंटेशन एक्सपर्ट, आवृत्ती ६, आणि ६ च्या लॅबची परीक्षा कधी दिलीच नाही. जुन्या लोकांची मेहनत वाया जाऊ नये हा हेतू समजू शकतो, तरी मला हे आजही पटत नाही, आकडा लावलाय तर त्या आकड्याची लॅब झालेलीच असायला हवी.

या सगळ्याच्या मधेच दर दोन वर्षांनी व्हीसीपी नव्याने करायची सक्ती २०१४ मधे आली. पहिली मुदत मार्च २०१५ ची होती, ती मे पर्यंत वाढवली. वरची कुठली परीक्षा पास झालात तरी व्हीसीपी ताजी व्हायची, त्यामुळे काही लोक व्हीकॅपकडे आवडीने नाही तर मुदत टाळायला वळले. २०१९ च्या सुरुवातीला ही सक्ती काढून टाकली आणि साधारण त्याच वेळी नावात आवृत्तीच्या आकड्याऐवजी वर्ष यायला लागलं, व्हीसीपी-डीसीव्ही (डेटा सेंटर व्हर्च्युअलायझेशन) २०१९, मग २०२० वगैरे. त्यानंतर सर्टिफिकेट संपायचं थांबलं, पण वर्ष बघून त्यामागे कुठलं व्हीस्फिअर हे पटकन सांगता येत नाही, आधी निदान ५ म्हणजे ५ होतं.

नोव्हेंबर २०२३ मधे कंपनीच विकली गेली. नव्या मालकाने विक्रीचा सगळा भार सुट्या व्हीस्फिअरवरून क्लाउड फाउंडेशनच्या (व्हीसीएफ) पॅकेजवर नेला आणि परीक्षाही त्याच वाटेने गेल्या, म्हणजे कॉम्प्युट, स्टोरेज, नेटवर्क सगळं एकत्र, डेटा सेंटर व्हर्च्युअलायझेशन हा स्वतंत्र ट्रॅक मागे पडला. व्हीकॅप हे नाव मात्र तिथेही टिकलं, आता त्याच्यापुढे व्हीसीएफ लागतं. त्यामुळे आज एखाद्याच्या रेझ्युमेवर व्हीकॅप ५-डीसीए, व्हीसीआयएक्स ६-डीसीव्ही आणि व्हीसीएफची व्हीकॅप असं तिन्ही एकाखाली एक असू शकतं. मुलाखत घेणाऱ्याने त्यातली लॅबमधे बसून दिलेली कुठली आणि कुठल्या आवृत्तीवर एवढं विचारलं तरी समोरच्याने प्रत्यक्ष काय केलंय ते बरंचसं कळतं.