डोक्यावर पातेलं, चेहरा पासपोर्टचा

परवा नारायण पेठेत मित्राच्या स्टुडिओत गेलो होतो (स्टुडिओ कसला, वाड्यातली मागची खोली, भिंतीला राखाडी कापड आणि एक लाइट), तिथे हेल्मेटच्या जनजागृतीचं शूट चाललेलं. मॉडेल त्याचेच काका, इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर दुधाचं पातेलं, आणि फोटो अगदी पासपोर्टसारखा समोरून. पुण्यात हेल्मेटसक्ती म्हटलं की मोर्चे निघतात, २०१९ च्या जानेवारीतही निघाला होता, त्यामुळे दंडाची भाषा सोडून हसवून बघू असा त्याचा विचार. काका म्हणाले, हे काय नवीन खूळ?

नवीन कसलं! १८४० मध्ये फ्रान्सच्या इपोलित बायारने स्वतःचाच फोटो काढला, बुडून मेलेल्या माणसाचा. कागदावर फोटो काढायची पद्धत त्यानेही शोधलेली, पण पैसा आणि मान दागेर या दुसऱ्या शोधकाला मिळाला, मग हा पठ्ठ्या उघड्या अंगाने डोळे मिटून टेकून बसला आणि फोटोच्या मागे लिहिलं की सरकारने दागेरला भरभरून दिलं, बायारला काही नाही, म्हणून बिचाऱ्याने जीव दिला. हात आणि चेहरा फोटोत काळपट आले होते तर तेही वापरून घेतलं, म्हणे बघा सडायला लागलंय. म्हणजे खोटा प्रसंग, खरा चेहरा आणि सोबत चार ओळी, सगळा मसाला तेव्हाच तयार.

जनजागृतीत फोटो जोरात आला तो लुईस हाइन या फोटोग्राफरमुळे. १९०८ पासून तो अमेरिकेत बालकामगारांचे फोटो काढत हिंडायचा, कारखान्यात शिरायला कधी बायबल विकणारा बनायचा, पोरांची उंची स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून मापायचा. ते सगळं डॉक्युमेंटरी, मान्य, पण १९१३ मध्ये त्याने गिरणीतल्या पोरांचे चेहरे एकावर एक छापून एकच चेहरा केला, तिथे तो आपल्या, म्हणजे रचलेल्या फोटोच्या, गल्लीत आला.

माझ्या मते खरी कमाल मात्र १९७० ची, ब्रिटनमधली. कुटुंबनियोजनाची जाहिरात, त्यात स्वेटर घातलेला साधा माणूस, हात पोटावर, आणि पोट नऊ महिन्यांचं. खाली प्रश्न, तुम्हालाच दिवस गेले असते तर जास्त काळजी घेतली असती का? एकच गोष्ट चुकीची, बाकी सगळं रोजचं. आपल्याकडे त्या काळात लाल त्रिकोण आणि रंगवलेलं चौकोनी कुटुंब चालू होतं.

आपल्या तंबाखूच्या पुड्यांवर २००९ मध्ये इशाऱ्याचं चित्र म्हणून चक्क विंचू आला, लोकांना कळेचना विंचवाचा काय संबंध. पुढे सिगारेटच्या पाकिटांवर धूसर माणूस आला, तर तो जॉन टेरी या फुटबॉलपटूसारखा दिसतो म्हणून २०१२ मध्ये वेगळाच वाद. चेहरा कुणाचा आणि त्याला विचारलंय का, हा प्रश्न १९९२ ला बेनेटनच्या जाहिरातीवरही आला होता. एड्सने मरणाऱ्या डेव्हिड कर्बीचा तो फोटो थेरीज फ्रेअरने काढलेला, मूळचा ब्लॅक अँड व्हाइट, रंग नंतर दिलेला. घरच्यांची परवानगी होती तरी लोक भडकलेच, कारण शेवटी स्वेटर विकणारी कंपनी.

काकांची परवानगी होती, पण त्यांना दर वेळी हसू फुटायचं, चाळीसेक फ्रेम वाया. मग आतून काकूंची हाक आली, अहो, पातेलं आणा, दूध तापवायचंय. काकांचा चेहरा खर्रकन उतरला आणि मित्राने तेवढ्यात क्लिक केलं. तोच फोटो फायनल झालाय.