गरिबी आणि आजार: एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर पदवी किंवा पीएच.डी. करणारे अनेक विद्यार्थी आज उत्पन्न, शिक्षण, घर, कामाचे स्वरूप, भेदभाव यांचा आजाराशी असलेला संबंध तपासतात. हा विषय अलीकडचा आहे, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात तो रोगजंतूंच्या शोधापेक्षाही जुना आहे. मधल्या काळात तो मागे पडला, आणि परत आला तो कसा हे ठाऊक नसेल तर आजच्या प्रबंधांमधले वाद नीट उमगत नाहीत.

1820च्या दशकात लुई-रने व्हिलेर्मे या फ्रेंच डॉक्टरांनी पॅरिसच्या 12 विभागांतले मृत्यूदर एकमेकांशी ताडून पाहिले. दूषित हवा, नदीकाठची ओल, दाट वस्ती यांतून रोगराई पसरते, अशी तेव्हाची वैद्यकीय समजूत होती. व्हिलेर्मे यांनी नदीपासूनचे अंतर, जमिनीची उंची, वस्तीची दाटी असे एकेक कारण तपासले, पण मृत्यूदराशी कशाचाच मेळ बसेना. मेळ बसला तो कराच्या नोंदींशी. गरिबीमुळे करमाफी मिळालेली घरे ज्या विभागात जास्त, तिथे मृत्यूही जास्त होते. 1848मध्ये प्रशियाच्या सरकारने 26 वर्षांच्या रुडॉल्फ विर्खो या डॉक्टरांना आपल्याच राज्यातल्या अप्पर सिलेशिया या भागात टायफस या तापाची साथ पाहायला पाठवले. त्यांनी अहवालात लोकशाही, शिक्षण, करांचा न्याय्य बोजा आणि तिथल्या पोलिश भाषकांच्या भाषेला कारभारात स्थान, असे उपाय सुचवले. सरकारला असा अहवाल नक्कीच अपेक्षित नव्हता.

1882मध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला आणि वैद्यकाची नजर सूक्ष्मदर्शकाकडे वळली. रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून 1916मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची शाळा स्थापन झाली, तिचा भर प्रयोगशाळेवर होता आणि पुढच्या अनेक संस्थांनी तोच साचा उचलला. त्यातून लसी आल्या, साथी आटोक्यात आल्या, हे खरेच. पण माणूस राहतो कुठे, कमावतो किती, हे प्रश्न अभ्यासक्रमाच्या कडेला गेले.

याच काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत झालेले एक काम मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते. कातडी सोलणारा, पोट बिघडवणारा आणि शेवटी बुद्धिभ्रम आणणारा पेलाग्रा हा रोग तिथे पसरला होता. तो संसर्गजन्य असल्याचा समज पक्का होता. 1914मध्ये जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरांकडे या रोगाचे कारण शोधण्याची मोहीम आली. मनोरुग्णालयांत आणि अनाथालयांत तिथल्या रहिवाशांना हा रोग होतो, पण त्यांच्यातच वावरणाऱ्या कर्मचाऱ्यांना होत नाही, हे त्यांनी हेरले. संसर्गाची शंका मोडून काढायला त्यांनी रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले.

पण त्यांचे खरे मोठे काम त्याहून शांत होते. एडगर सिडेनस्ट्रिकर या अर्थतज्ज्ञांना सोबत घेऊन त्यांनी 1916मध्ये साउथ कॅरोलायनातल्या कापड गिरण्यांच्या सात वसाहतींत घरोघर पाहणी सुरू केली. ठरावीक दिवसांनी प्रत्येक घरी जाऊन नवे रुग्ण नोंदवायचे, घराची मिळकत विचारायची, आणि पंधरा दिवसांत घरात कोणते खाद्यपदार्थ किती आले याचा हिशेब मांडायचा. मिळकत जितकी कमी तितका पेलाग्रा जास्त, हे उघड दिसले. मात्र सारखी मिळकत असूनही काही वसाहतींत रोग कमी होता. त्याचे उत्तर वसाहतीबाहेर सापडले. जिथे भोवताली भाजीपाला पिके आणि ताजे मांस विकत मिळे, तिथे तोच पगार पुरेसे अन्न देऊ शकत होता. जिथे नजर जाईल तिथवर कापूसच होता, तिथे पैसे असूनही दूध-मांस मिळत नसे. पेलाग्रा नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, याचा उलगडा पुढे 1937मध्ये झाला. घराची मिळकत, ताटातले अन्न आणि गावाभोवतीची शेती हे तीन थर एकाच पाहणीत धरण्याची सोय संख्याशास्त्राने बहुस्तरीय पद्धतींच्या रूपाने कितीतरी दशकांनी करून दिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकार पुढे आला. 1948मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम शहरात 5,209 जणांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला आणि 1961च्या त्याच्या एका लेखानंतर आजाराची शक्यता वाढवणाऱ्या गोष्टींसाठी जोखीम घटक ही संज्ञा रुळली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान हे सारे एकेका माणसापुरते मोजायचे. सामाजिक परिस्थिती विश्लेषणात फक्त वजा करून टाकायच्या रकान्यात राहिली. त्या चौकटीला धक्का बसला तो ब्रिटनमध्ये. 1967मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सुमारे 18,000 पुरुष सरकारी नोकर होते, सगळे पक्क्या नोकरीतले. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या श्रेणीच्या जवळपास तिप्पट निघाले, आणि ओळखीच्या जोखीम घटकांनी त्या फरकाचा काही भागच उलगडला. म्हणजे प्रश्न केवळ हलाखीचा नव्हता, प्रत्येक पायरीवर फरक पडत होता. 1980मध्ये आरोग्यातील विषमतेवरचा ब्लॅक अहवाल तयार झाला, तेव्हा सरकारने त्याच्या अवघ्या 260 प्रती काढल्या. चर्चा मात्र थांबली नाही. 2008मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने याच विषयावर आपला अहवाल दिला.

विद्यार्थ्याला या इतिहासाचा एक काटाही वारशात मिळतो. 1950मध्ये विल्यम रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकी जनगणनेतून दाखवले की परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत निरक्षरता कमी होती, पण व्यक्तिशः पाहिले तर परदेशात जन्मलेल्यांतच ती जास्त होती. स्थलांतरित आधीच साक्षर असलेल्या राज्यांत वसले होते, एवढेच. वस्तीची आकडेवारी माणसाला लावताना आजही हाच घोटाळा होतो, आणि मौखिक परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

दुसरी अडचण कार्यकारणाची: गरिबीने आजार येतो की आजाराने गरिबी? दोन्ही होते, म्हणून नुसत्या एका वेळच्या पाहणीवर भागत नाही. 1994मध्ये अमेरिकेने पाच शहरांत सरकारी वसाहतींतल्या कुटुंबांना कमी गरिबीच्या भागात घर घेण्यासाठी चिठ्ठ्या टाकून मदत दिली. ज्यांच्या नावाने चिठ्ठी निघाली त्यांची तुलना इतरांशी करता आली. 2011मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, ही मदत देऊ केलेल्या स्त्रियांमध्ये अतिस्थूलपणा आणि मधुमेह यांचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले. औषध तेच, सल्ला तोच, बदलली होती ती वस्ती.