गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी (कोकण किनारपट्टी)

कोणताही त्रास नसलेल्या स्त्रीच्या गर्भाशयमुखावरील पेशींत कर्करोगापूर्वीचे बदल झाले आहेत का, हे ठरावीक वर्षांच्या अंतराने पाहणे, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी. बोलण्यात तिला 'पिशवीच्या तोंडाची तपासणी' म्हणतात. व्याख्येतील 'त्रास नसलेल्या' हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत आणि प्रत्यक्षात तेच समजावून सांगणे सर्वांत अवघड जाते. पाळी नसताना रक्त जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे किंवा अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे ही लक्षणे दिसतात तेव्हा रोग अनेकदा पुढे गेलेला असतो आणि त्या वेळी करायची तपासणी निदानाची असते.

या कर्करोगाचे कारण ह्युमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एचपीव्ही, हे आहे. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूच्या 16 आणि 18 या दोन प्रकारांमुळे सुमारे 70 टक्के रुग्णांत हा रोग होतो. लैंगिक आयुष्यात हा संसर्ग बहुतेक स्त्री-पुरुषांना केव्हा ना केव्हा होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्या स्त्रियांत तो टिकून राहतो. टिकलेल्या संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास साधारणपणे 15 ते 20 वर्षांचा असतो आणि या मधल्या काळात बदललेला भाग शोधून नष्ट करता येतो.

तपासणीच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. पॅप चाचणीत गर्भाशयमुखावरील पेशी काचपट्टीवर घेऊन प्रयोगशाळेत पाहिल्या जातात. दुसऱ्या पद्धतीत गर्भाशयमुखाला 3 ते 5 टक्के असेटिक आम्ल लावून मिनिटभर थांबतात. बदललेला भाग पांढरा पडतो आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसतो. ही पद्धत स्वस्त आहे आणि तिचा निष्कर्ष लगेच कळतो, मात्र पाळी गेल्यानंतर तपासायचा भाग आत सरकत असल्याने उतारवयात ती तितकी भरवशाची राहत नाही. तिसरी, एचपीव्ही डीएनए चाचणी, अधिक अचूक असून तिच्यासाठीचा नमुना स्त्रीला स्वतःही घेता येतो. केंद्र सरकारच्या 2016 च्या कार्यचौकटीत 30 ते 65 वर्षे वयाच्या स्त्रियांची असेटिक आम्लाच्या पद्धतीने दर पाच वर्षांनी तपासणी सांगितली आहे.

या पद्धतींची परिणामकारकता महाराष्ट्राच्या भूमीवरच सिद्ध झालेली आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले; एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने त्या गटातील या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी असेटिक आम्लाची तपासणी केली आणि मृत्युदर 31 टक्क्यांनी घटला. याच संस्थेने रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतही ग्रामीण तपासणीचे काम केले आहे. म्हणजे साधन हाताशी आहे, पण त्याचा लाभ घेणाऱ्या स्त्रिया फार कमी आहेत: 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 30 ते 49 वयोगटातील शंभरात दोन स्त्रियांनीही ही तपासणी कधी करून घेतलेली नव्हती. 2022 मध्ये भारतात या रोगाचे सुमारे 1 लाख 27 हजार नवे रुग्ण आढळले असावेत, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे.

कोकणात या अल्प प्रतिसादाला स्थानिक कारणांची जोड मिळते. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. चाकरमानी मुंबईला आणि घर, गुरे, शेती व सासूसासरे बाईच्या अंगावर, ही येथील जुनी रीत या आकड्यात दिसते. अशा घरात ठणठणीत बाईने 'काही होत नसताना' दिवस मोडून दवाखान्यात जाणे हे तिला स्वतःलाच पटत नाही. जून-जुलैत लावणी असते, पुढे गणपती, मग कापणी आणि मार्चपासून आंबा-काजू; दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळच काय तो थोडा मोकळा. शिबिराची तारीख कार्यालयाच्या सोयीने लावणीत ठरली, तर रिकाम्या खुर्च्यांचा दोष बायकांच्या अज्ञानाला देणे अन्यायाचे आहे. वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आणि मध्ये खाड्या, त्यामुळे नकाशावर जवळ दिसणारे प्राथमिक आरोग्य केंद्र एसटीच्या वेळेनुसार दूर होते.

लाज हे कारण सर्वत्र सांगितले जाते आणि ते खरेही आहे. तपासणारी व्यक्ती स्त्री असणे, पडदा असणे आणि आशाताईंनी आधी घरी येऊन नेमके काय करतात ते सांगणे यांनी ते बरेच हलके होते. त्याहून खोल भीती एचपीव्हीच्या निष्कर्षाची असते. नवरा वर्षातून दोनदा गावी येत असेल, तर लैंगिक मार्गाने पसरणाऱ्या विषाणूचा नुसता उल्लेखही घरात संशय पेरू शकतो. संसर्ग अनेक वर्षे शांत राहू शकतो आणि तो केव्हा व कोणाकडून आला हे चाचणी सांगू शकत नाही. निष्कर्ष हाती देणाऱ्या आरोग्यसेविकेने ही गोष्ट कागदाआधी सांगायला हवी, तीही बाईला एकटीला. चाचणी सकारात्मक येणे म्हणजे कर्करोग झाला असेही नव्हे.

सर्वाधिक स्त्रिया निसटण्याचा धोका असतो तो दुसऱ्या फेरीला. तपासणी गावात होते, पण दोष आढळल्यास दुर्बिणीतून पाहणे आणि उपचार यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यास सांगितले जाते. तोवर गाडीभाडे, सोबत आणि मागे गुरांची व्यवस्था हे सारे प्रश्न पुन्हा उभे राहतात. म्हणून योग्य त्या स्त्रियांत तपासणीच्याच भेटीत उपचार करण्याची पद्धत कोकणासाठी विशेष मोलाची आहे. बदललेला भाग गोठवून नष्ट करण्यासाठी वायूची जड टाकी लागते. उष्णतेने नष्ट करणारे यंत्र मात्र हातात मावते, बॅटरीवर चालते आणि उपचार काही मिनिटांत उरकतो. असे यंत्र आणि ते चालवणारे शिकलेले हात उपकेंद्रापर्यंत पोहोचले, तर सकाळी तपासणीला आलेली बाई उपचार घेऊन दुपारच्या एसटीने वाडीवर परतू शकते.