फीडिंग ट्यूबमध्ये निघणारा जंत

नळीने दूध-पेज घेणाऱ्या मुलाच्या ट्यूबमध्ये किंवा ट्यूबच्या कडेने अचानक गोल जंत म्हणजे अ‍ॅस्कॅरिस निघणं. क्वचितच होतं पण झालं की घरचे हादरतात, पोर तोंडाने काही खातच नाही तर हा आला कुठून!

परळला वाडिया, केईएम हॉस्पिटलात अशी नळीवाली मुलं मुंबईतून येतात तशी पालघर-कोकणातूनही. कुणाला नाकातून राइल्स ट्यूब, कुणाला थेट पोटात बसवलेली पेग (ही पद्धत १९८० साली अमेरिकेतल्या गॉडरर आणि पॉन्स्की या डॉक्टरांनी मांडली, तीसुद्धा मुळात लहान मुलांसाठी).

जंत राहतो लहान आतड्यात, मादी ३५ सेंमीपर्यंत वाढते आणि दिवसाला २ लाखांच्या आसपास अंडी घालते. ताप आला, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं किंवा भूल दिली की जंत बिथरतो, वर जठरात सरकतो आणि नळीचं भोक सापडलं की त्यात शिरतो. फीड जाईना झालं की सगळ्यांना वाटतं गोळीची पूड अडकली, बहुतेक वेळा असतंही तेच, पाणी मारून बघतात आणि मग ट्यूब काढल्यावर पांढरट-गुलाबी काहीतरी लोंबताना दिसतं.

जंत नळी बसवायच्या आधीपासूनचा असू शकतो, पण नळी असताना नवीनही होतो. मिक्सरमधलं घरचं फीड, नीट न धुतलेली कोथिंबीर-गाजर, फरशीवर फिरून तोंडात गेलेले हात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन या अंड्यांना पुरत नाही, उकळलेलंच पाणी हवं. अंड्यातली अळी फुप्फुसातून फिरून परत आतड्यात येते आणि पूर्ण वाढायला २-३ महिने घेते, त्यामुळे गणपतीत दिसलेला मोठा जंत पावसाळ्याच्या सुरुवातीला किंवा त्याआधीच कधीतरी आत गेलेला असतो. ताज्या शीमधली अंडी लगेच लागण करत नाहीत, त्यांना आधी मातीत दोनेक आठवडे तरी लागतात.

झोपेत दात खातो म्हणजे जंत, असं आजी लोक म्हणतात, पण नळीवाल्या बऱ्याच मुलांना सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं) असते आणि तिच्यात दात खाणं एरवीही कॉमन आहे. आणि जंतांवरचा घरगुती उपाय म्हणून वावडिंगाची पूड नळीतून नकोच, चोथा बसून नळी चोंदते.

औषध साधंच, अल्बेंडाझोल, २ वर्षांवरच्यांना ४०० मिलीग्रॅम, १ ते २ वर्षांत निम्मं, डॉक्टरांना विचारून बारीक पूड करून पाण्यातून. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला (१० फेब्रुवारी, २०१५ पासून) ही गोळी शाळा-अंगणवाडीत मिळते, पण घरीच पडून असलेलं मूल त्यातून सहज सुटतं. मात्र पोट फुगलंय, हिरवी उलटी होतेय तर गोळी नंतर, आधी सर्जन, कारण जंतांचा गुंता आतडं अडवू शकतो.